टाकीपलीकडचे दोन कडुलिंब

कुसुमावतींची पहिली मुलगी पासष्टच्या लढाईत गेली. बाँबने नव्हे, तापाने.

त्यांचे यजमान प्रतापसिंहराव तेव्हा विमानतळावर पहारेकरी होते. त्या काळी त्याला कुणी विमानतळ म्हणत नसे. लष्कराची धावपट्टी, तारेचं कुंपण आणि कडेला पहारेकऱ्यांच्या खोल्या. सबंध बडोद्यात ब्लॅकआउट होता, खिडक्यांना काळे कागद चिकटवलेले. दिवे लावून गाडी बाहेर काढायला मनाई होती. उजाडेपर्यंत थांबायचं ठरलं. मुलगी थांबली नाही.

चार महिन्यांचं बाळ. एवढ्या लहान जिवाला जाळत नाहीत. प्रतापसिंहरावांनी तिला दुपट्यात गुंडाळून नेलं आणि पाण्याच्या टाकीपलीकडे दोन कडुलिंब होते, त्यांच्या मधे पुरलं. बायकांनी जायचं नसतं म्हणून कुसुमावती उंबऱ्यात उभ्या राहिल्या. कुदळीचा आवाज तिथवर येत होता.

पुढे दर वर्षी त्या दिवशी त्या दूध घेऊन झाडांकडे जात. दूध मातीत ओतायचं, थोडा वेळ बसायचं, परत यायचं. उन्मेष झाला. लष्कर हळूहळू हललं, मुंबईची विमानं येऊ लागली, फाटकावरची पाटी बदलली. फाटकावर प्रतापसिंहराव तेच राहिले. ते निवृत्त झाले तरी त्यांचे जुने सोबती कुसुमावतींना अडवत नसत. "जा वहिनी, पण विमान यायच्या आत परता," एवढंच म्हणत.

मग खाजगी कंपन्यांची विमानं सुरू झाली. कोयलीच्या रिफायनरीकडे येणारे साहेब लोक वाढले. तारेच्या जागी भिंत आली, जुने सोबती गेले, बंदूकवाले नवे शिपाई आले. त्याच वर्षी उन्हाळ्यात प्रतापसिंहराव वारले. सप्टेंबरात कुसुमावती दुधाचा डबा घेऊन एकट्याच रिक्षाने फाटकाशी उतरल्या.

"बा, टिकिट वगर अंदर नहीं जवाय," शिपाई म्हणाला.

"भाई, मारी दीकरी छे अंदर."

"तो बहार आवशे ने! अहीं उभा रहो."

मुलगी आत आहे तर येईलच बाहेर, थांबा इथं. त्याने आपल्या बसायची खुर्चीसुद्धा पुढे केली. कुसुमावती बसल्या नाहीत. विमान उतरलं, माणसं बॅगा ओढत बाहेर आली, रिक्षा भरभरून गेल्या. "न आवी?" शिपायानं हळहळून विचारलं. त्यांनी मान हलवली आणि घरी आल्या.

जेवताना त्यांनी उन्मेषला सांगितलं. तो कोयलीला एका कंत्राटदाराकडे इंजिनिअर होता.

"आई, तिथं आता काम चाललंय. पेपरात आलं होतं. विमानं उभी करायला जागा वाढवतायत. झाडं ठेवणार आहेत का ते?"

"म्हणून तर म्हणते. काढायच्या आत एकदा. तुझ्या ओळखी आहेत ना तिथं?"

"आहेत. पण काय सांगू त्यांना? आणि कुठली जागा, हे कुणाला माहीत आहे आता?"

"मला आहे."

"तीस वर्षं व्हायला आली, आई."

स्नेहलने वाढता वाढता नवऱ्याकडे पाहिलं. विषय तिथेच राहिला.

दिवाळी झाल्यावर कुसुमावती म्हणाल्या, "मला मंदाकिनीकडे जायचंय. विमानानं."

उन्मेषला बरं वाटलं. आई दुःखातून बाहेर पडतेय, मुंबईला बहिणीकडे जाऊ पाहतेय, तीही विमानानं! रावपुऱ्यातल्या एजंटाकडून त्याने हौसेने खिडकीजवळची जागा मागून घेतली. स्नेहलने स्वतःची शाल दिली.

तपासणीच्या बाईने पिशवीतला डबा उघडून वास घेतला. "दूध? किसके लिए?"

"बाळासाठी."

बाईने कुसुमावतींच्या मागे पाहिलं. बाळ दिसलं नाही. तिने झाकण लावून डबा परत दिला.

विमानापर्यंत चालत जायचं होतं. काचेचं दार उघडलं आणि इतक्या महिन्यांनी कुसुमावतींचे पाय त्या जमिनीवर पडले. त्यांनी पाण्याची टाकी शोधली. टाकी नव्हती. झाडं नव्हती. टाकी असायची त्या बाजूला पिवळी यंत्रं उभी होती, रोलर मागेपुढे होत होता आणि ताज्या डांबरातून वाफ निघत होती. डांबर दूरवर पसरलेलं. त्यांना वाटलं होतं, झाडं नसली तरी बुंधे असतील, निदान खड्डे. मला माहीत आहे, असं मुलाला म्हणाल्या होत्या. आता त्या सगळ्या काळ्या सपाटीकडे बघत राहिल्या आणि त्यांना कळेना, कुठे.

त्या रांग सोडून चालू लागल्या. झपाझप, पदर सावरत. निळ्या साडीतली एक मुलगी धावत आली.

"आंटी, उधर नहीं! प्लेन इस तरफ है."

"थोडंसं दूध घालायचंय गं. लगेच येते."

"क्या?"

"दूध." त्यांनी डबा दाखवला.

शिट्टी वाजली. दोन शिपाई आले. कुणी हात पिरगळला नाही, कुणी ओरडलं नाही. मुलीने त्यांच्या खांद्याभोवती हात टाकला, "डर लग रहा है? कुछ नहीं होता, आंटी," म्हणत त्यांना वळवलं आणि शिडीवरून वर नेऊन जागेवर बसवलं. पट्टाही तिनेच बांधला.

विमान हललं. खिडकीतून डांबर सरकू लागलं. हेच असेल, की पुढचं? कुसुमावतींनी दोन्ही पाय जमिनीपासून उचलून धरले. म्हाताऱ्या मांड्या थरथरायला लागल्या, तरी धरले. शेजारचे गृहस्थ हसून म्हणाले, "पहिल्यांदाच का?" चाकं जमिनीवरून सुटून बडोदं खाली गेलं तेव्हा पाय आपोआप पडले.

संध्याकाळी मुंबईत मंदाकिनीने पिशवी रिकामी करताना डबा उघडला. "अगं, हे नासलंय," म्हणाली आणि मोरीत ओतून वरून पाणी सोडलं.

परतीला कुसुमावती आगगाडीने आल्या. कसा झाला विमानप्रवास, असं उन्मेषने विचारलं. "बरा झाला," म्हणाल्या. पुढे सप्टेंबर येत राहिले. त्यांनी फाटकाचं नाव काढलं नाही. विमानतळाच्या बाजूला, हरणीकडे जायचं असलं की काहीतरी कारण सांगून टाळत. हळूहळू बाहेर जाणंच बंद झालं. दिवसभर पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडून असत. काही दुखतंय का, या प्रश्नाला नाही म्हणत. दहा वर्षं त्या अशा जगल्या.

त्यांचं क्रियाकर्म उन्मेषने डभोईपुढे चांदोदला, नर्मदेकाठी केलं. गुरुजी एकेक नाव विचारून पिंड ठेवत होते. वडील, आजोबा, पणजोबा, आई.

"घरातलं आणखी कुणी गेलेलं?"

"एक बहीण होती. लहानपणीच गेली. माझ्या आधी."

"लहान मुलांचं तसं नसतं. पण इच्छा असेल तर दूधपाणी सोडू. नाव?"

उन्मेषने स्नेहलकडे पाहिलं. तिने नाही अशी मान हलवली. तो उठला, चार पायऱ्या वर जाऊन त्याने मोबाइलवरून मंदाकिनीमावशीला फोन लावला.

"बारसं झालं होतं रे. मी आले होते बारशाला, पेढे खाल्ले होते," ती म्हणाली. "पण नाव... नाही आठवत. ताई बाळच म्हणायची."

खाली गुरुजी पळी हातात धरून थांबले होते.