हौदातलं रेकॉर्डिंग

जगातलं सगळं थोर संगीत तहानेतून जन्माला आलं, असं माझं ठाम मत आहे. आमचं मात्र सोसायटीच्या पाण्याच्या हौदातून आलं, कारण बाकी कुठंच आम्हाला कुणी वाजवू देत नव्हतं.

बँडचं नाव ‘दहावी ब’. मी पेटीवर, मृण्मयी गिटारवर, गायला सुदर्शन. तिघंही त्याच वर्गातले, आता सत्तेचाळिशीचे. सुदर्शननं दहावीत एक गाणं केलं होतं. ते एकतीस वर्षं त्याच्या डोक्यातच राहिलं. आता कंपनी त्याला बिडकीनच्या कारखान्यातून गुजरातेत धाडत होती. सोमवारी निघायचं, आणि आज रविवार.

“आज झालं नाही तर ते कधीच व्हायचं नाही,” असं म्हणून त्यानं पाचव्यांदा घड्याळ पाहिलं.

आमची सोसायटी सातारा परिसरात, म्हणजे सातारा जिल्ह्यात नव्हे, आमच्याच शहराच्या टोकाला. इथं शहर येऊन पोचलं, नळ अजून वाटेत आहे. तोवर हौद टँकरनं भरतो, आणि त्या उन्हाळ्यात तो चार-चार दिवस कोरडा असायचा. कोरड्या हौदात खोकलासुद्धा सुरात वाटतो. सेक्रेटरी अनंतरावांनी परवानगी दिली, पण बजावलं, “चपला वर काढा. प्यायच्या पाण्याची जागा आहे.” पाणी नव्हतं. चपला काढल्या.

टँकर मंगळवारी येणार होता. आम्ही मोबाइल मधोमध ठेवला, सुदर्शननं डोळे मिटले, आणि वर हॉर्न वाजला. पुढच्या सोसायटीचं गेट बंद होतं म्हणून पुंडलिक ड्रायव्हर टँकर घेऊन इकडं वळला होता. झाकणातून त्याचं डोकं आत आलं.

“कोण हाय रे आत? निघा भायेर, पाईप सोडायलो!”

“चार मिनिटं द्या, दादा,” सुदर्शन म्हणाला.

“लई झाले चार. अजून तीन खेपा हायेत.”

“मग इंजिन तरी बंद करा.”

“बंद केलं की चालू व्हत नाय. ढकलताल का?”

“ढकलू!” मृण्मयी ओरडली. कंबरदुखीचा पट्टा होता, तरी ओरडली.

एव्हाना वर चाळीस घरं बादल्या घेऊन जमली होती. “गाऊ द्या की त्याला, उद्या चाललंय लेकरू,” शेजारच्या चतुराबाई म्हणाल्या. “आणि टँकर गेला म्हंजे?” कुणीतरी विचारलं. शेवटी अनंतरावांनी निकाल दिला, “तीन मिनिटं.” इंजिन बंद झालं.

गाणं चार मिनिटांचं होतं. संथ, विरहाचं. ते आम्ही वरातीच्या चालीत घेतलं. माझे दोन सूर चुकले. सुधारायला वेळ नव्हता, त्यांना तसंच पळवत नेलं. मृण्मयी झाकणाकडं बघत वाजवत होती. आणि शेवटच्या ओळीला सुदर्शनचा आवाज असा लागला, की तसा शाळेतही कधी ऐकला नव्हता. भिंतींनी तो तीनदा परत दिला. वर कुणाची बादलीसुद्धा वाजली नाही.

सुदर्शननं मोबाइल उचलून पाहिला. सगळं आलं होतं. त्याचे डोळे भरून आले. त्यानं वर बघून हात जोडले.

झाकणातून दोरीला बांधलेली एक बादली हळूहळू खाली आली. आत खराटा होता.

“सुदर्शनराव,” अनंतराव वरून म्हणाले, “फार सुंदर. आता उतरलाच आहात, तर कोपऱ्यातला गाळ तेवढा काढून द्या.”