जाडोबा बुडाला

आजी लेकीकडे आली आणि पहिल्याच सकाळी मागच्या अंगणात थबकली. कुंपणाबाहेर नजर जाईल तिथवर वाळू, झाड औषधालासुद्धा नाही. आणि आत कुंड्यांतून फुलांचा नुसता दंगा! बोगनवेल भिंतीवरून सांडत होती. आजीच्या घरी नऊला उमलणारी ऑफिस टाईमची फुलं इथे ऊन चढायच्या आत कामावर हजर होती.

"माझी बाग चिखलात पाय सोडून बसते, तरी मेली एवढी फुलत नाही," आजी म्हणाली.

ही करामत विहीणबाईंची, म्हणजे जावयाच्या आईची. डोळ्याच्या ऑपरेशनसाठी त्या थोरल्या मुलाकडे निघाल्या होत्या. जाताना बाग आजीच्या हवाली करून म्हणाल्या, "बाकीच्यांचं तुम्हाला काय सांगायचं? फक्त आमच्या जाडोबाचे लाड करू नका."

जाडोबा म्हणजे अडेनियम. सुरईसारखं फुगलेलं खोड आणि शेंड्याला गुलाबी फुलं. विहीणबाईंनी बी पेरून वाढवलेला. घरात त्याचा मान सुनेपेक्षा मोठा, असं लेक हसत सांगायची.

पण दुपारी फरशी तव्यासारखी तापली की आजीचा जीव वरखाली व्हायचा. येता-जाता ती जाडोबाला तांब्याभर पाणी घालायची.

"इकडची आजी त्याला एवढं पाणी देत नाही," नात चिऊ म्हणाली.

"तिला दिसत नाही ना नीट. त्याची तहान कशी दिसणार?"

मग पानं पिवळी पडली. फुलं गळली. एका सकाळी आजीनं खोड दाबून पाहिलं, तर अंगठा पिकल्या केळ्यात जावा तसा आत गेला.

"गपचूप दुसरं आणून ठेवू," लेक म्हणाली.

"आणि त्यांना कळणार नाही? तुला कुणी बदललं असतं तर मला कळलं नसतं होय?" आजीनं फोन लावला. "विहीणबाई, तुमचा जाडोबा... मी बुडवला हो."

पलीकडून विहीणबाईंचा आवाज चढला.

"वाळवंटातलं झाड, आणि बुडून? अहो, त्याला माणूसच तसं लागतं!" मग आवाज मऊ झाला. "रडू नका. मातीतून काढा त्याला. मऊ लागेल तेवढं सुरीनं कापा, आत टणक पांढरं दिसेपर्यंत. मग सावलीत ठेवून द्या. उघडाच."

"मातीशिवाय?"

"मातीशिवाय, पाण्याशिवाय. आणि तुमच्याशिवायसुद्धा!"

आजी कापत गेली. निम्मा जाडोबा गेला, तेव्हा कुठे पांढरं लागलं.

"त्याचं पोट म्हणजे त्याचा माठ," तिनं चिऊला समजावलं. "कोरड्या दिवसांत तो त्यातलंच पितो. मी भरलेल्या माठात ओतत बसले."

"मग माठ फुटला?"

"फुटताफुटता राहिला, असं म्हणू या."

जखम सुकल्यावर आजीनं त्याला खडेवाळूत लावलं. त्यानंतर त्या कोपऱ्यात जाताना ती दोन्ही हात पाठीमागे बांधून जायची. हातांचा काय भरवसा?

विहीणबाईंचा मुक्काम लांबला. काळा चष्मा लावून परतल्या त्या थेट कोपऱ्यात गेल्या. आजी दारातच उभी राहिली.

विहीणबाईंनी थोटकं खोड दाबलं. टणक लागलं. चष्मा काढून त्या वाकल्या.

"अहो, इकडे या जरा. पानांच्या मध्ये हे लाल टोक कसलं? माझा नवा डोळा मला फसवत नाही ना?"

आजी धावली. मुगाच्या दाण्याएवढी कळी होती.

"कळीच आहे हो!" आजी तिथेच पायरीवर बसली.

"मग बसताय काय? आज त्याला थोडं पाणी द्या," विहीणबाई म्हणाल्या. "तुमच्याच हातानं."

आजीनं तांब्याकडे पाहिलं. मग घरात हाक मारली, "चिऊ, एक चमचा आण गं!"