तेविसाव्या पुस्तकापुढची खूण

मित्रांनो, मी एक जुनी वही आहे. निळा पुठ्ठा, दोनशे पाने, कोपरे दुमडलेले. माझ्या जातीच्या इतर वह्या आपली कहाणी मान वर करून सांगतात. मला मात्र तोंड लपवावेसे वाटते. तरी सांगते.

माझे मालक दातांच्या कवळ्या बनवतात. दिवसभर मेण आणि प्लास्टरमध्ये हात. हात मोठे कसबी, पण शाळा लवकर सुटलेली. त्यांचे मेहुणे प्राध्यापक. एकदा जेवताना ते पाश्चात्त्य अभिजात साहित्यावर रंगून बोलत होते. मालकांनी मध्येच काही विचारले, तर ते हसून म्हणाले, "भाऊजी, तुम्ही आपलं दातांचं बघा." मालक अर्ध्या ताटावरून उठले. दुसऱ्याच दिवशी त्यांनी मला विकत आणले.

वाचनालयाच्या ग्रंथपालबाईंनी यादी करून दिली. ग्रीक महाकाव्यांपासून गेल्या शतकातल्या कादंबऱ्यांपर्यंत शंभर पुस्तके. वर्षाला दहा, म्हणजे दहा वर्षांचे काम. पुस्तक संपले की माझ्यात बरोबरची खूण करायची आणि खाली स्वतःच्या दोन ओळी लिहायच्या.

पहिली दोन वर्षे मी अगदी फुलून गेले होते. ग्रीक राजांची नावे जिभेवर बसावीत म्हणून मालक कवळी घासता घासता ती मोठ्याने म्हणायचे. मालकीणबाई म्हणायच्या, "ही कवळी जो घालेल तो आता ग्रीकच बोलेल!"

मग आले तेविसावे पुस्तक. दोन बहिणींची कादंबरी, पाने नऊशे. मालक एकशे चाळिसाव्या पानावर अडले ते अडलेच. चार महिने गेले. एका रविवारी त्यांनी आधीच्या खुणांच्या तारखा पाहिल्या, दाराकडे पाहिले आणि न वाचलेल्या पुस्तकापुढे खूण केली. खाली मलपृष्ठावरच्या दोन ओळी उतरवल्या. चटका बसावा तशी ती ओली शाई मला लागली. पुढे त्यांना सवयच झाली. सव्विसावे, एकोणतिसावे, एकतिसावे.

ग्रंथपालबाई मला सगळ्यांना दाखवायच्या. "बघा, एवढं काम करून हा माणूस वाचतो!" मेहुण्यांनीही पाठ थोपटली. मी त्यांच्या हातात मिटून पडून होते. वहीला शरमेने लालही होता येत नाही.

अशात बाईंची नजर अधू झाली. एके दुपारी त्या म्हणाल्या, "अक्षरं दिसेनाशी झालीत हो. ते दोन बहिणींचं पुस्तक माझं अर्धंच राहिलं. शेवटी धाकटी जाते का मोठीकडे?"

"जाते," मालक म्हणाले.

"मग?"

"मोठी दार उघडते. दोघी रडतात. मिटतं सगळं."

बाईंनी चष्मा काढून ठेवला. मग म्हणाल्या, "मीही धाकटीच. ताईशी बोलून बारा वर्षं झाली."

तेव्हाच खरे सांगता आले असते. मालकांनी मला पिशवीत घातले आणि ते घरी आले.

दोन आठवड्यांनी आम्ही पुन्हा गेलो. बाई दिवसभराचा प्रवास करून बहिणीच्या दारी जाऊन आल्या होत्या. "तासभर उभी होते. आतून तिचा आवाज येत होता. दार नाही उघडलं तिनं." आणि कसनुसे हसत म्हणाल्या, "पुस्तकातली नशिबाची."

मालकांनी ते पुस्तक पुन्हा घरी आणले. एकोणीस दिवसांत नऊशे पाने वाचली. गिऱ्हाइके बिनदातांची ताटकळली. वाचून झाल्यावर ते भिंतीकडे पाहत बसले. मग माझ्यातल्या चौदा खुणांवर त्यांनी काट मारली आणि मला घेऊन बाईंकडे निघाले.

"बाई, मी तेव्हा ते वाचलंच नव्हतं. शेवट मनचा सांगितला. आणि अशी चौदा आहेत."

बाईंना माझ्यातल्या काट मारलेल्या खुणा दिसणार कशा? त्या म्हणाल्या, "वाचा." मालकांना एकेक नाव मोठ्याने वाचावे लागले. नवव्या नावापाशी ते अडखळले.

"इतक्या लांब गेले ती तुमच्या शब्दावर," बाई म्हणाल्या. "मग खरं काय होतं त्यात?"

"धाकटी गल्लीच्या कोपऱ्यावरून परत फिरते."

बाईंनी खिडकीकडे तोंड केले. "म्हणजे मी तिच्या पुढे गेले," त्या हळूच म्हणाल्या. मग म्हणाल्या, "उद्यापासून चारला या. पहिल्या पानापासून मला वाचून दाखवा. ही वही मात्र पुन्हा आणू नका."

तेव्हापासून मालक रोज चारला पुस्तक घेऊन जातात आणि मी कपाटात मेणाच्या पट्ट्यांखाली पडून असते. बाईंनी त्यांना माफ केले का, हे मला कळायला मार्ग नाही.

मित्रांनो, वही जरूर जपा, पण तिच्यात लिहाल ते खरे लिहा. पुस्तक अर्धे वाचले असेल तर अर्धे म्हणून लिहा. पान कोरे राहिले तरी आम्हाला त्याचे काही वाटत नाही. खोटे मात्र आम्हाला पुसता येत नाही आणि बोलूनही टाकता येत नाही. कुणीतरी आम्हाला उघडून ते मोठ्याने वाचेपर्यंत पोटात घेऊन बसावे लागते.