पाहुण्याची चाल

दाराची कडी आतून लागली आणि मिस्तरींच्या हातातली कानस थांबली. आत पाहुणा होता, आणि त्याच्याबरोबर गुडघ्याखालून पाय गेलेला एक पोस्टमन. सकाळपासून हा पोस्टमन चालायच्या दांड्यांना घट्ट धरून उभा होता, पण नवा पाय जमिनीला टेकवायला काही तयार नव्हता. मिस्तरींनी गोड बोलून पाहिलं, जरा आवाज चढवूनही पाहिला. शेवटी पाहुणा आला, नेहमीसारखा त्याला कोपऱ्यातल्या खोलीत घेऊन गेला, आणि चहा निवायच्या आत दोघं बाहेर आले. पोस्टमन काठी टेकत चालत होता, आणि वर हसतही होता.

मिस्तरींनी त्याला बाजूला घेऊन विचारलं, आत काय केलं म्हणून. पोस्टमन म्हणाला, त्यांनाच विचारा. नऊ वर्षं प्रत्येक पेशंट हेच उत्तर देत आला होता, जणू सगळ्यांनी मिळून शपथ घेतली होती.

हॉस्पिटलच्या मागच्या अंगाला ही कार्यशाळा होती, कृत्रिम पाय बनवायची. पाहुणा परदेशातून नवी पद्धत शिकवायला आला होता, तीन महिन्यांसाठी. तीन महिन्यांची नऊ वर्षं झाली, पण पहिल्या दिवशी पडलेलं नाव काही सुटलं नाही. भाषा तो छान शिकला, फक्त राग आला की तेवढा त्याच्या स्वतःच्या भाषेत यायचा. आता पुढच्या आठवड्यात तो कायमचा परत निघाला होता आणि त्याची जागा मिस्तरींना मिळणार होती.

जागा मिळणार होती, पण खोलीतलं गुपित मिळणार नव्हतं, आणि मिस्तरींची झोप उडाली होती ती याच पायी. त्यांनी बनवलेले पाय मापाला चोख असत. पण घरी गेल्यावर पेशंट ते घालतच नसत. कुणी दारामागे उभे करून ठेवी, एकाने तर आपल्या पायाला छत्री अडकवली होती. पाहुण्याच्या हाताखालून गेलेले मात्र चालत, बाजारात जात, कामावर जात. माल तोच, हत्यारं तीच, मग फरक कशाचा? मिस्तरींच्या मते उत्तर सरळ होतं. पाहुण्याने हातचं राखून शिकवलं होतं.

मिस्तरी मुळातलेच संशयी. बायको म्हणायची, "तुम्ही आरशासमोर उभे राहिलात तर समोरच्यालाही ओळखपत्र मागाल." पण या बाबतीत तिलाही त्यांचं म्हणणं थोडं पटलं होतं. जाता जाता तरी सांगेल की, असं ती धीर द्यायला म्हणाली. मिस्तरी म्हणाले, "नऊ वर्षं नाही सांगितलं, ते आता टॅक्सीत बसताना सांगणार आहे होय?"

त्यातच लाँड्रीवाल्या बाईंचं प्रकरण झालं. बाईंचं इस्त्रीचं दुकान होतं, दिवसभर उभं राहायचं काम. त्यांचा पाय मिस्तरींनी स्वतः बनवला होता, अगदी जीव ओतून. तो घालून बाई उभ्या राहिल्या, एक पाऊल टाकलं, आणि मटकन खुर्चीत बसल्या. नंतर काही केल्या उठेनात. पाहुणा पुढे आला आणि हळूच म्हणाला की मी नेऊ का यांना खोलीत. मिस्तरींच्या मस्तकात तिडीक गेली. सगळ्यांसमोर ते म्हणाले, "माझ्या पेशंट आहेत. मी बघीन माझं."

पाहुणा मागे सरला. बाईंनी पाय काढून पिशवीत घातला आणि जाताना ऐकवलं, "दोन्ही पाय शाबूत असलेल्या माणसाने मला चालायला शिकवू नये." भावाच्या स्कूटरवर बसून त्या निघून गेल्या. पुढच्या तारखेला येतील की नाही याचाही भरवसा नव्हता.

तेव्हापासून मिस्तरी पाहुण्यावर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवू लागले, आणि शोधणाऱ्याला काही ना काही सापडतंच. मागच्या फळीवर ओल्या फडक्यात गुंडाळलेला प्लास्टरचा एक साचा होता. प्रत्येक साच्यावर पेशंटचा नंबर घालायचा हा कार्यशाळेचा पहिला नियम, आणि तो पाहुण्यानेच घालून दिलेला. या साच्यावर नंबर नव्हता. शिवाय नमुना म्हणून आलेलं एक नवं, हलकं पाऊल कपाटातून नाहीसं झालं होतं.

दुपारी सगळे जेवायला गेल्यावर मिस्तरींनी फडकं सोडलं. डाव्या पायाचा साचा, गुडघ्याखालचा. त्यांनी डोळे मिटून त्यावरून बोटं फिरवली. पुढची बाजू अशी तासलेली की हात जोडावेत. मागची बाजू मात्र कच्ची होती, पोटरीचा दाब चुकलेला. शिकाऊ माणसानेही इतकी चूक केली नसती. आणि प्लास्टरच्या पट्टीचे वेढेही उलटे होते. पेशंटच्या समोर बसून पट्टी गुंडाळली की वेढ्यांचे ठसे एका दिशेने उमटतात. इथे ते दुसऱ्या दिशेने गेले होते.

मिस्तरींनी याचा अर्थ लावायला वेळ घालवला नाही. पाहुणा नमुना बनवून नेत होता, आणि तो कुणाच्या हाती लागलाच तर कळू नये म्हणून त्यात मुद्दाम चूक ठेवत होता. हॉस्पिटलच्या मालावर स्वतःचा धंदा उघडणार असेल तिकडे.

ते तसेच मोठ्या बाईंकडे गेले. मोठ्या बाई म्हणजे हॉस्पिटलच्या प्रमुख डॉक्टर, बोलायला मोजक्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा लावला. माल माझ्या परवानगीने घेतलाय, त्या म्हणाल्या, बाकीचं तुम्ही त्यांनाच विचारा. म्हणजे वरपासून खालपर्यंत सगळेच सामील, असं मनाशी म्हणत मिस्तरी जिना उतरले.

जिन्यावर पाहुणा भेटला. तो वर चढत होता, नेहमीसारखा उजवा पाय आधी टाकत, कंबरेत किंचित ताठ. त्याची ही चाल सगळ्या कार्यशाळेला पाठ होती. पहिल्याच आठवड्यात सर्वांनी ठरवून टाकलं होतं की तिकडचे लोक असेच चालतात, जाड बुटांची सवय असते त्यांना. पट्टे शिवणारा कारागीर तर तिची नक्कल अशी करायचा की पाहुणाही पोट धरून हसायचा. एरवी मिस्तरी रस्त्याने जाणाऱ्या माणसाच्या पाठीकडे बघून सांगत की याच्या कुठल्या गुडघ्यात दुखणं आहे. पाहुण्याकडे त्यांनी त्या नजरेने कधी बघितलंच नव्हतं. परक्या माणसाचं सगळंच परकं असतं, त्यात बघायचं काय?

निघायच्या दोन दिवस आधी, भर दुपारी, खोलीची कडी पुन्हा वाजली. बाहेर एकही पेशंट नव्हता. फळीवरचा साचा जागेवर नव्हता. आता रंगेहाथ पकडायचं म्हणून मिस्तरींनी दाराला खांदा लावला, तर जुनी कडी पहिल्याच धक्क्याला निघाली.

पाहुणा स्टुलावर बसला होता. डाव्या पायाची पँट गुडघ्याच्या वर दुमडलेली होती, आणि गुडघ्याखाली पाय नव्हता. जुना, चामड्याच्या पट्ट्यांचा, कडेला झिजलेला पाय भिंतीला टेकून उभा होता. नवा त्याच्या हातात होता. उरलेल्या खुंटावरची कातडी लाल होऊन सोलली होती.

मिस्तरींनी आधी दार लोटून घेतलं, मग त्याला पाठ लावून उभे राहिले, जणू आता बाहेरच्यांना आत येऊ न देणं हेच त्यांचं काम होतं.

"हेच दाखवतो मी त्यांना," पाहुणा म्हणाला. "दार लावतो, पँट वर करतो. मग एक फेरी मारतो, आणि कुणाला सांगू नका म्हणतो. दुसरं काही नाही. बाकी सगळं शिकवलंय मी तुम्हाला, मिस्तरी."

मिस्तरींना लाज वाटली, आणि त्याहून जास्त राग आला, स्वतःचा. ज्या चालीची नऊ वर्षं नक्कल चालली होती, ती चाल त्यांनी एकदाही नीट पाहिली नव्हती. आम्हाला का नाही सांगितलं, एवढंच त्यांच्या तोंडून निघालं.

पाहुणा जरा विचार करून म्हणाला, "तिकडे मी आधी पेशंट होतो, मग कारागीर. कितीही चांगलं काम केलं तरी लोक म्हणायचे, बघा, बिचारा किती करतो. इथे आलो, तर तुम्ही म्हणालात, हे लोक असेच चालतात." तो हसला. "मला फार बरं वाटलं हो. आयुष्यात पहिल्यांदा मी नुसता कारागीर झालो. ते मोडायचं जिवावर आलं."

मग परत जायचं कारणही त्याने सांगितलं. खुंट आता रोज सोलत होता, दिवसभर उभं राहवत नव्हतं. निदान प्रवासापुरता तरी चांगला पाय असावा म्हणून स्वतःच माप घेतलं, स्वतःच साचा केला; वेढे उलटे पडले ते म्हणूनच. पण आपल्या पोटरीमागे आपले हात नीट पोचत नाहीत आणि आपली चाल आपल्याला मागून दिसत नाही. तीनदा जुळवला, तीनदा चुकला.

"घाला आणि चाला," मिस्तरी म्हणाले.

पाहुणा खोलीतल्या दांड्यांमध्ये चालला. मिस्तरी जमिनीवर बसून मागून बघत राहिले, आणि या वेळी त्यांनी खरोखर बघितलं. टाच बाहेर पडत होती. पोटरीचा दाब चुकला होता, तो त्यांना आधीच बोटांनी कळला होता. त्यांनी पाय काढून घेतला, आतून तासला, एका बाजूला अस्तर चढवलं, पाऊल कणभर आत फिरवलं. पुन्हा चालायला लावलं, पुन्हा तासलं. पाहुणा मुकाट्याने सांगितलं तसं करत होता. एकदा कळ आली तेव्हा मात्र त्याने त्याच्या भाषेत सणसणीत काहीतरी हासडलं. मिस्तरी मान वर न करता म्हणाले, "बरोबर आहे, इथेच लागणार."

संध्याकाळ होता होता पाय जमला. तेव्हा मिस्तरींनी तो प्रश्न विचारला ज्याच्या पायी त्यांची झोप गेली होती. "पाहुणे, मला दोन्ही पाय आहेत. मी दार लावून काय दाखवू?"

पाहुण्याने पँट खाली सोडली, नीट केली. मग म्हणाला, "ते मला माहीत नाही, मिस्तरी." हातचं राखून सांगणारा माणूस असं सांगत नाही, हे मिस्तरींनाही कळलं.

लाँड्रीवाल्या बाईंना एकदा पाहुण्याकडे आणावं म्हणून त्यांनी त्याच संध्याकाळी निरोप धाडला. बाईंनी उलट कळवलं की तारीख सोमवारची आहे, वाटलं तर तेव्हा येईन. पाहुण्याचं विमान रविवारी सकाळी होतं. त्या दिवशी चार लोकांसमोर 'मी बघीन माझं' म्हटलं नसतं, तर आज बाई चालत असत्या. मिस्तरींना रात्री जेवण गेलं नाही. बायकोने विचारलं, कळलं का ते गुपित? नाही, म्हणाले, तसलं काही नव्हतंच. बायकोने त्यांच्याकडे संशयाने पाहिलं.

रविवारी सगळे फाटकाशी जमले. पाहुण्याने प्रत्येकाचा हात हातात घेतला. टॅक्सीपर्यंत तो असा सरळ चालत गेला की पट्टे शिवणारा कारागीर म्हणाला, शेवटच्या दिवशी आपल्यासारखा चालायला लागला बघा. सगळे हसले. मिस्तरी टॅक्सी वळणाआड जाईपर्यंत त्याच्या टाचेकडेच बघत असल्यासारखे खाली बघत राहिले.

सोमवारी लाँड्रीवाल्या बाई आल्या, पिशवीत पाय घेऊन. मिस्तरींनी त्यांना खोलीत नेलं. कडी निघालेली होती म्हणून दाराला स्टूल लावलं. बाई खुर्चीत बसल्या आणि हाताची घडी घालून म्हणाल्या, "हं. काय सांगणार तुम्ही?"

मिस्तरींच्या ओठांवर आलं होतं. जो गेला त्याचाही पाय तुमच्यासारखाच होता, बाई, एवढं वाक्य पुरलं असतं. पण ते त्याचं होतं, त्याने स्वतःहून दाखवायचं. त्यांनी ते गिळलं आणि बाईंच्या समोर जमिनीवर मांडी घालून बसले.

"मला काही माहीत नाही," ते म्हणाले. "दोन्ही पायांच्या माणसाला ते कळायचं नाही, हे तुमचं म्हणणं खरं आहे. तुम्ही सांगा. कुठे दुखतं, कशाची भीती वाटते, सगळं. शिव्या आल्या तर त्याही द्या."

बाई त्यांच्याकडे बराच वेळ बघत राहिल्या, हा माणूस थट्टा करतोय की काय अशा नजरेने. मग पिशवीतून पाय काढला, चढवला, आणि दांडीला धरून उभ्या राहिल्या. पहिलं पाऊल टाकताना त्या हॉस्पिटलला बोलल्या, नशिबाला बोलल्या, मिस्तरींच्या सात पिढ्यांना बोलल्या. मिस्तरी खुणा करायला हातात खडू घेऊन त्यांच्या टाचेशी बसले होते, आणि त्यांनी बाईंचा एक शब्द खाली पडू दिला नाही.