सपाट रेघ

मी मेंदूच्या रेघा काढणारं यंत्र बोलतोय. अतिदक्षता विभागात तीन नंबरच्या खाटेशी उभा असतो. डोक्याला तारा चिकटवल्या की आतलं सगळं माझ्या पडद्यावर उमटतं. मला दिसतं, पण करता काहीच येत नाही.

मंगळवारी एका शिंपीणबाईला आणलं. तिची फिट थांबेना. एक औषध झालं, दुसरं झालं, तेव्हा कुठे हातपाय शांत झाले. तिच्याच दुकानात काज-बटणं करणारा धाकटा भाऊ सोबत होता. "थांबली! थांबली ना?"

डॉक्टरबाईंनी माझ्याकडे बोट दाखवलं. "अंग थांबलंय. डोक्यात चालूच आहे."

माझ्या रेघा सुसाट धावत होत्या.

मग तिला भूल देऊन खोल झोपवलं, नळीने श्वास दिला. रेघा सपाट झाल्या, मधूनच एखादी उसळी. ते पाहून भावाने तिचे खांदे गदागदा हलवले. "ताई, ऊठ ना गं!" दोन तारा निघाल्या.

"अरे धांदरटा!" नर्सबाई ओरडल्या. मग त्याचा चेहरा पाहून नरमल्या. "सपाट म्हणजे आराम, बाळा. मेंदूला दम खाऊ दे."

"ताईपण मला धांदरटच म्हणते," तो म्हणाला. तारा चिकटवेपर्यंत त्याने तिचे केस बाजूला धरून ठेवले.

तेव्हापासून तो मला वाचू लागला. रेघ सपाट असली की म्हणायचा, "सरळ शिवण."

गुरुवारी भूल कमी केली. रेघा उठल्या. तो दाराकडे धावला, "आई, ताई जागी होतेय!" ती जाग नव्हती रे. फिट परत आली होती. भूल वाढवली. शुक्रवारी पुन्हा तेच.

शनिवारी मेंदूला सूज आली. डोळ्यांवर उजेड टाकला तरी बाहुल्या आकसेनात. मेंदूत काही उरलंय का ते कळावं म्हणून भूल बंद केली.

सोमवारी दुपारी भूल पूर्ण उतरली होती, तरी माझी रेघ सपाटच. एकही उसळी नाही. बाहेर डॉक्टरबाईंचं बोलणं ऐकून आई भिंतीला टेकून खाली बसली. भाऊ तेव्हा आत होता. त्याने पडदा पाहिला, सुटकेचा श्वास सोडला.

"सरळ शिवण," तो कुजबुजला. "हळू बोला हं. आज कुठे नीट झोपलीय."

नर्सबाईंनी तिची चादर नीट केली.

आता माझ्या तारा पुसून गुंडाळल्यात. एकीच्या टोकाला तिचा लांब केस तसाच चिकटलाय. तुम्हाला एकच विनवणी. कुणाला सपाट रेघ समजावून सांगाल, तर दुसरी, भूल उतरल्यावरही न उठणारी सपाट रेघही सांगा. त्याला कुणी सांगितलीच नव्हती.