इद्रिसची लाल जर्सी

मी सुदानच्या फुटबॉल संघाची एक जुनी लाल जर्सी आहे. खेळाडूंच्या अंगावरची नव्हे हं, मित्रांनो. पाठीराख्यांसाठी बाजारात मिळते त्यातली. पण रंग तोच, छातीवरचं चिन्ह तेच, आणि स्वभाव तर अगदी खेळाडूचा. एका जागी पडून राहायचं म्हटलं की माझा जीव कासावीस होतो.

खार्तूमशेजारच्या ओमदुर्मानच्या बाजारातून मला इद्रिसने उचललं. मला शिवलं कुठे ते ठाऊक नाही. मानेला टोचतं म्हणून त्याने लेबल पहिल्याच दिवशी कापून टाकलं. तो मला घालून खेळायचा, मला घालून झोपायचा, आणि भेटेल त्याला संघाचा इतिहास ऐकवायचा. आफ्रिकेचा पहिला चषक १९५७ साली आमच्या खार्तूममध्ये झाला. १९७० साली तिथेच घानाला हरवून आम्ही तो जिंकला. "मग पुढे?" असं कुणी विचारलं की इद्रिसला नेमकी तहान लागायची. पुढे सांगण्यासारखं फार नव्हतंच. एकदा तर स्पर्धेत नुसतं परतायला बत्तीस वर्षं लागली.

इद्रिसचा थोरला भाऊ ताहिर बहारीनला, हमद टाउनमध्ये राहतो आणि तिथल्याच मआमीर भागातल्या एका वर्कशॉपमध्ये फोरमन आहे. इद्रिस त्याच्याकडे महिनाभर आला, गल्लीतल्या पोरांशी रोज फुटबॉल खेळला आणि जाताना मला खुंटीवर विसरला. फोनवर म्हणाला, "राहू दे, पुढच्या खेपेला नेतो." पुढची खेप आलीच नाही. तिकडे सुदानात युद्ध पेटलं. इद्रिस तोफगोळ्याने गेला, घर जळालं, आणि आई कशीबशी कैरोला पोचली.

आता इद्रिसचं म्हणून जगात काही उरलं असेल तर ती मीच. माझ्या गळ्याशी त्याच्या घामाचा वास होता, म्हणून ताहिरने मला कधी धुतलं नाही. आई दर शुक्रवारी फोनवर विचारायची, "जर्सी तशीच ठेवलीस ना? रजा मिळाली की घेऊन ये. मला एकदा त्याचा वास घेऊ दे." ताहिर म्हणायचा, "इंशाल्ला." रजा डिसेंबरात मिळणार होती.

इकडे माझ्या संघाचीही फरफट चालली होती. युद्धामुळे घरचे सामनेसुद्धा लिबियात खेळावे लागत. तरी २०२४ च्या ऑक्टोबरात पोरांनी घानाला दोन-शून्य हरवलं. नोव्हेंबरात मात्र नायजरने आमच्यावर चार गोल चढवले. आता अंगोलाशी बरोबरी साधली की आफ्रिकेच्या चषकातली जागा पक्की होती. नाहीतर सगळं अधांतरी.

त्या सामन्यासाठी ताहिरने मला कपाटातून काढलं आणि कुबट वास तेवढा जावा म्हणून घटकाभर गच्चीवर वाऱ्याला टांगलं. चिमटा लावायचं तेवढं राहिलं. उत्तरेचा वारा सुटला आणि मी पाण्याच्या टाकीमागे जाऊन पडले.

वरच्या मजल्यावर पुण्याचे जयप्रकाश राहतात. ते इंजिनिअर. मुलगा वरुण पुण्याला शिकतो, धाकटी आर्या इथेच शाळेत जाते. जयप्रकाशांच्या पत्नी, अरुणाबाई, कपडे वाळत घालायला आल्या आणि त्यांनी मला उचललं.

"ही वरुणचीच असणार, सुट्टीत टाकून गेलेली," त्या स्वतःशी म्हणाल्या. "काय बाई हा वास. कार्ट्याने एकदा तरी धुवायला टाकली असेल तर शपथ."

मराठी घरात जुना टी-शर्ट फेकत नाहीत, मित्रांनो. त्याचं ओट्याचं फडकं होतं. आणि ओट्याचं फडकं स्वच्छच हवं. अरुणाबाईंनी मला कढत पाण्यात साबण आणि दोन झाकणं डेटॉल घालून बुडवलं, मग खसाखसा घासलं. मला ओरडायचं होतं. दीड वर्ष सांभाळलेला इद्रिस बाथरूमच्या जाळीतून वाहून गेला.

मी वाळल्यावर कात्री आली. खालची कड चार बोटं कापली गेली तेवढ्यात आर्या शाळेतून परतली.

"आई, स्टॉप. दॅट्स ताहिर अंकल्स. हिज ब्रदर्स जर्सी."

अरुणाबाईंनी कात्री खाली ठेवली. मग त्यांनी लाल दोरा शोधला, बारीक टाके घातले, इस्त्री केली आणि सगळ्यांना घेऊन खाली ताहिरच्या दारात गेल्या.

"ताहिरभाई, बहोत बडी गलती हो गयी. वरुण का समझके काट दिया. माफ करना."

ताहिरने शिवणीकडे पाहिलंच नाही. त्याने मला नाकाशी नेलं.

"धो दिया, भाभी?"

"हां, दो बार. एकदम साफ है."

त्याने दार पूर्ण उघडलं. "शुक्रन, भाभी. बैठो, मॅच देखते."

त्याने मला पहिल्यांदाच अंगात घातलं. पूर्ण सामना तो बसला नाही. खिडकी ते दार, दार ते खिडकी. जयप्रकाशांना फक्त क्रिकेट कळतं. "अरे, एक तो गोल मारो," ते सारखं म्हणत. "बराबर चलेगा, भाई," ताहिर म्हणायचा. शेवटी शून्य-शून्य झालं आणि आम्ही चषकात पोचलो. आर्या नाचली. ताहिर माझ्यात तोंड खुपसून रडला. अरुणाबाईंना वाटलं, आनंदाने.

त्यानंतर सुटलेल्या पोटाचा हा फोरमन रोज संध्याकाळी मला घालून गल्लीतल्या पोरांशी धापा टाकत खेळू लागला. मला धुवायचं नाव नाही. दोघं एकाच आईची लेकरं. घाम थोडा तरी सारखा असेल, एवढीच त्याची आशा. कैरोच्या विमानात तो मला मांडीवर घेऊन बसला होता आणि आम्हा दोघांनाही चैन नव्हती.

आईने मला हातात घेतलं. नाकाशी धरलं. खूप वेळ धरलं. मग ताहिरला जवळ ओढलं आणि विचारलं, "तू पुन्हा खेळायला लागलास होय रे?"

 उत्तराची तिने वाट पाहिली नाही. एका हाताने मला धरलं, दुसऱ्याने त्याला.

मित्रांनो, कुणाचं मळकं कापड हाती लागलं तर धुवायच्या आधी एकदा विचारा, हे कुणाचं आहे आणि असं का ठेवलंय. अरुणाबाईंना अजून कुणी काही सांगितलेलं नाही. तुम्हीही सांगू नका.