तिरपी नजर

कारखान्यावर नेत्रशिबिर भरलं होतं. दुष्काळानं यंदा ऊसच नव्हता, बॉयलर पेटला नव्हता. साखरेच्या रिकाम्या गोदामातच खुर्च्या मांडल्या होत्या. गावच्या शेतकी पतसोसायटीचे निवृत्त गटसचिव त्रिंबकराव चष्म्याचा नंबर काढायला गेले आणि डोळ्यांत डाग घेऊन परतले.

"दोन्ही पडद्यांवर डाग आहेत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. "कशाचे, ते कळत नाही. जुने असतील तर बहुधा तसेच राहतील. नवे असतील तर मात्र धोका. कधीपासून असं दिसतं?"

त्रिंबकरावांना सांगता आलं नाही. विचारायचं पुष्कळ होतं. पण मागं रांग होती, आणि आपल्यापायी कुणाचा खोळंबा झाला की ते कानकोंडे व्हायचे. माणसांत त्यांचा जीव कधी रमला नाही. पुस्तकं होती म्हणून आयुष्य निभावलं. आता तीही गेली तर?

घरी त्यांची बायको भिवराबाई टँकरची वाट बघत घागरींपाशी बसल्या होत्या.

"डाग निघालेत," ते ओट्यावर टेकत म्हणाले.

"मंग? तुमच्या पोटावर हायेतच की. ल्हानपनी पोट दुखायचं म्हनून सासूबाईनं बिब्ब्याचे चटके दिल्याले."

"पोटावर नाही गं. डोळ्यांत, आतल्या पडद्यावर."

"आगं बया! तितं कुनी दिले?"

"तेच कळत नाही. जुने का नवे, तेही माहीत नाही."

त्यांनी पेपर समोर धरला. मधली अक्षरं पुसट झाली. मान जराशी वळवली, तशी ती परत आली.

"आस्संच!" भिवराबाई म्हणाल्या.

"काय असंच?"

"मला पाहायला आलतात तवा आसंच बघितलं व्हतं. मान वाकडी करून, कोपऱ्यातून. मावशी म्हनली, पोरगं लई लाजाळू हाय. मला वाटलं, चकनं हाय."

"तरी हो म्हणालीस?"

"मला कुनी इचारलं?"

त्रिंबकरावांनी पेपर घडी करून मांडीवर ठेवला. म्हणजे डाग तेव्हाचे. सोसायटीचे चेअरमन भर मीटिंगीत म्हणायचे, हा माणूस नजरेला नजर देत नाही. आणि त्रिंबकरावांनीही ते मुकाट खरं मानलं होतं. लाजरेपण काही खोटं नव्हतं. पण सगळंच लाजरेपण नव्हतं, काही या डागांचंही होतं. हायसं वाटायला हवं होतं. नुसता थकवा आला.

"डाक्टरला सांगा, लगनाच्या आदीचे हायेत म्हनून."

"तूच चल बरोबर. मला नीट सांगता यायचं नाही."

टँकरचा हॉर्न वाजला. भिवराबाई उठल्या.

"येते. आदी घागर धरा. ती दिसती ना?"